केमिस्ट्रीचा पेपर सुटल्यावर उत्तरं कशी जुळवायची

एप्रिल-मे महिन्यातलं जळगावचं ऊन, आणि सीईटीची दुपारची शिफ्ट नुकतीच सुटलेली. फाटकाबाहेर निंबाच्या सावलीला उभे असलेले पालक विचारतात, "पेपर कसा गया?" पोरांचं मात्र तिकडे लक्षच नसतं. ती एकमेकांकडे धावतात आणि पहिला प्रश्न हाच असतो: "तुनं काय उनं?" म्हणजे तुझं काय आलं? मग दहा मिनिटं नुसते आकडे उडतात. चाळीस. नाही, तीस. बी ऑप्शन. नाही रे, डी. कोणाला हायसं वाटतं, कोणाचा चेहरा पडतो आणि सगळे आपापली एसटी गाठायला पांगतात.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो. हे दरवर्षी बघतो आणि दरवर्षी जीव हळहळतो. पेपर झाला की त्यावर बोलूच नका, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. वर्षभरात पोरांचं डोकं केमिस्ट्रीच्या इतकं जवळ पुन्हा कधी येत नाही, जितकं पेपर सुटल्यानंतरच्या दोन दिवसांत असतं. म्हणून जुळवा, जरूर जुळवा. फक्त ऑप्शन जुळवण्याऐवजी रीत जुळवा. "काय आलं?" याच्या जागी "कसं काढलंस?" विचारलं की सगळा मामला बदलतो. तो कसा, ते क्रमाने सांगतो.

जुळवायला बसायचं कधी

बोर्डाची परीक्षा चालू असेल आणि पुढचा पेपर बाकी असेल तर वही बंद ठेवायची. सगळे पेपर संपल्यावर बसायचं. इथे मी कुणाचं ऐकून घेत नाही, कारण हे मी स्वतः भोगलेलं आहे.

माझ्या बारावीच्या वर्षी केमिस्ट्रीचा पेपर देऊन आम्ही पाच जण पॅसेंजरने घरी निघालो होतो. धरणगाव येईपर्यंत चौघांनी एका गणिताचं उत्तर एकच सांगितलं. माझं वेगळं होतं. चौघांपुढे एकट्याने काय बोलायचं, म्हणून मी गप्प बसलो. पुढचे दोन दिवस बायोलॉजीचं पुस्तक उघडं ठेवलं तरी डोळ्यांसमोर तेच गणित. परीक्षा संपल्यावर सरांनी फळ्यावर सोडवलं, तेव्हा माझं बरोबर निघालं. नंतर कळलं की डब्यात खरं तर एकानेच आपलं उत्तर सांगितलं होतं. बाकी तिघे "हो, माझंही तेच" म्हणाले होते, कारण त्यांना आपलं नीट आठवतच नव्हतं. ते दोन दिवस मला परत मिळाले नाहीत.

सीईटी, नीट किंवा जेईई मेन झाली असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बसा. फाटकावर अजिबात नको. आधी पाणी प्या, काहीतरी खा, घरी जा. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात रिकाम्या पोटी केलेला वाद हा केमिस्ट्रीचा वाद नसतो.

आधी एकट्याने लिहा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच सगळे टाळतात. कोणाशीही बोलण्याआधी शंभर पानी वहीत आठवेल ते सगळं उतरवायचं. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या लिहिलंत तर उत्तम. धडगाव-अक्कलकुव्याकडची पोरं नंदुरबारला किंवा धुळ्याला पेपर देऊन परत निघतात, तेव्हा त्यांच्या हातात तासन् तास असतात. घाटात रेंज नसते, हे तर वरदानच समजा.

नीटची प्रश्नपत्रिका घरी नेता येते, त्यामुळे तिथे निम्मं काम सोपं असतं. पण पेपरमध्ये तुम्ही कुठे अडखळलात ते प्रश्नपत्रिकेत छापलेलं नसतं. सीईटी आणि जेईई मेन कॉम्प्युटरवर होतात आणि रफ कागदही केंद्रावरच जमा होतो. तिथे आपली स्मरणशक्ती हाच काय तो पुरावा, आणि तो फार लवकर विटाळतो. मित्राचं उत्तर एकदा कानावर पडलं की आपलं काय होतं ते खात्रीने सांगता येत नाही.

प्रत्येक प्रश्नासाठी वहीत चार गोष्टी हव्यात. धडा कोणता, प्रश्नाचे शब्द जितके आठवतील तितके, आपलं उत्तर, पण ए-बी-सी-डी असं न लिहिता आकड्यात किंवा नावात, आणि शेवटी एक खूण. खात्री असेल तर 'ख', अर्धवट खात्री असेल तर 'अ', तुक्का मारला असेल तर 'तु'. ही खूण प्रामाणिकपणे करा. पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

ऑप्शनचं अक्षर का नको? कॉम्प्युटरवरच्या पेपरात प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा असू शकतो. नीटमध्ये बुकलेटचा कोड बदलला की प्रश्नांचे क्रमांक बदलतात. तुमचा 'बी' आणि मित्राचा 'डी' हे एकच उत्तर असू शकतं. या एका कारणापायी मी डोळ्यांत पाणी आलेली मुलं पाहिली आहेत.

आठवत नसेल तर बाराव्या वर्गाच्या बालभारतीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवा. सोळा धडे आहेत. एकेका धड्यावर बोट ठेवून स्वतःला विचारा, 'यावर काय आलं होतं?' सीईटीच्या केमिस्ट्रीत पन्नास प्रश्न असतात. त्यांतले चाळीस बारावीचे आणि दहा अकरावीचे, म्हणून अकरावीची अनुक्रमणिकाही चाळा. असं केलं की पस्तीस-चाळीस प्रश्न सहज बाहेर येतात.

कोणाबरोबर बसायचं

तिघं किंवा चौघं, बस. सगळे एकाच शिफ्टचे हवेत, कारण सीईटीला प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. सकाळच्या शिफ्टच्या चुलत भावाशी उत्तरं जुळवण्यात अर्थ नाही. एकाने लिहायचं, एकाने पुस्तक सांभाळायचं. सगळ्यात हुशार पोराला शेवटी बोलू द्या. तो आधी बोलला की बाकीचे आपली रीत सांगतच नाहीत, नुसती मान डोलावतात.

रीत जुळवणं म्हणजे नेमकं काय

गणितांपासून सुरुवात करा. तिथे रीत उघड दिसते.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलं नेहमीचं गणित घेऊ. कॉपर सल्फेटच्या द्रावणातून २ अँपिअरची वीज १९३० सेकंद सोडली, तर किती तांबं जमेल? एकाचं उत्तर २.५४ ग्रॅम, दुसऱ्याचं १.२७. इथेच थांबलात तर "तुझं चुकलं" एवढंच हाती येईल. आता दोघांनी कागदावर एकेक ओळ मांडायची. २ गुणिले १९३०, म्हणजे ३८६० कूलोम. दोघांचं सारखं. एक मोल इलेक्ट्रॉनचा भार ९६५०० कूलोम, म्हणून त्याला ९६५०० ने भागलं, ०.०४ मोल इलेक्ट्रॉन. अजूनही सारखं. यापुढे वाट फुटते. एकाने ०.०४ ला थेट ६३.५ ने, म्हणजे तांब्याच्या अणुभाराने गुणलं. दुसऱ्याने आधी दोनने भागलं, कारण तांब्याच्या एका आयनाला धातू व्हायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. म्हणून तांबं ०.०२ मोल, म्हणजे १.२७ ग्रॅम. कोणी भागायच्या ठिकाणी दोनने गुणलं तर ५.०८ येतं, आणि तोही आकडा पर्यायांत असतोच. पेपर काढणारा चुकीचे पर्याय हवेतून आणत नाही. पोरं कुठे घसरतात ते त्याला ठाऊक असतं आणि तिथेच तो पर्याय ठेवतो. त्यामुळे चुकलेल्या उत्तरावरून घसरण्याची जागा नेमकी सापडते. वहीत 'चूक' असं लिहू नका. 'आयनाचा भार धरला नाही' असं लिहा.

दुसरं गणित मला जास्त आवडतं, कारण त्यात चूक हिशेबाची नसते, समजुतीची असते. फर्स्ट ऑर्डरची अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते. तिचा हाफ लाइफ, म्हणजे माल अर्धा व्हायला लागणारा वेळ, किती? दरवर्षी निम्मा वर्ग ४० मिनिटं सांगतो. पाऊण काम ६० मिनिटांत, तर अर्धं ४० मिनिटांत; त्रैराशिक चोख असतं. एकदा अशाच एका मुलाला मी विचारलं, "तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे ना?" ट्रॅक्टरने पाऊण शेत ६० मिनिटांत नांगरलं तर अर्धं ४० मिनिटांतच होणार. शेताला हा हिशेब बरोबर आहे, कारण उरलेलं रान कमी झालं म्हणून ट्रॅक्टर हळू होत नाही. झीरो ऑर्डर म्हणजे हीच नांगरणी. फर्स्ट ऑर्डरमध्ये वेग उरलेल्या मालावर ठरतो. माल अर्धा उरला की वेग अर्धा होतो. आधी शंभराचे पन्नास होतात, मग तितक्याच वेळात पन्नासाचे पंचवीस. ७५ टक्के संपले म्हणजे दोन हाफ लाइफ झाले, म्हणून एक हाफ लाइफ ३० मिनिटांचा. त्या मुलाने वहीत सूत्र लिहिलं नाही. 'नांगरणी नाही' एवढे दोनच शब्द लिहिले. ते गणित त्याचं पुन्हा चुकलं नाही.

चिन्हांच्या चुकांसाठी वेगळं पान ठेवा. गॅस २ बार बाह्य दाबाविरुद्ध ५ लिटरने फुगला, काम किती? आपल्या पुस्तकाच्या संकेताप्रमाणे उत्तर उणे १ किलोज्यूल. पण प्रश्नात 'गॅसने केलेलं काम' विचारलं असेल तर अधिक १ किलोज्यूल. दोघांचे आकडे जुळले आणि चिन्हं जुळली नाहीत, तर आधी प्रश्नातले शब्द आठवा. सूत्रावरून भांडण नंतर.

इनऑरगॅनिकचे पाठांतराचे प्रश्न झटपट उरका. पुस्तकात पान काढा, बघा, पुढे चला. त्यांत चर्चेसारखं फारसं काही नसतं.

वाद झाला तर

वाद होणारच, आणि तो मोठ्या आवाजाने मिटवायचा नाही. "आम्ही तिघं एक आहोत" हा केमिस्ट्रीत पुरावा नाही. माझी पॅसेंजरमधली गोष्ट आठवा. तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. प्रश्न शब्दशः काय होता? पुस्तक काय म्हणतं? पहिल्यापासून पुन्हा सोडवलं तर काय येतं?

पहिल्याच प्रश्नावर निम्मे वाद मिटतात. अमाइन्सचा बेसिकपणाचा क्रम घ्या, म्हणजे कोणतं अमाइन जास्त तगडा बेस. एकजण म्हणतो डायमिथिल, मग मिथिल, मग ट्रायमिथिल, शेवटी अमोनिया. दुसरा म्हणतो ट्रायमिथिल पहिलं. दोघंही बरोबर असू शकतात. पहिला क्रम पाण्यातला आहे. तिथे मिथिल गटांचा इलेक्ट्रॉन पुढे सारण्याचा परिणाम, पाण्याने आयनाला दिलेला आधार आणि गटांची दाटी यांची खेचाखेच असते. दुसरा क्रम वायू अवस्थेतला, तिथे पाण्याचा आधार नसल्यामुळे जितके मिथिल गट जास्त तितका बेस तगडा. त्यात प्रश्न इथिल अमाइन्सचा असला तर पाण्यातला क्रमही बदलतो: डायइथिल, ट्रायइथिल, इथिल, अमोनिया. म्हणजे प्रश्नात 'पाण्यात' होतं का, मिथिल होतं की इथिल, हे आठवल्याशिवाय वाद घालणं व्यर्थ. 'खालीलपैकी कोणतं विधान चूक आहे' यातला 'चूक' हा शब्द निसटल्यामुळे झालेले वाद तर मोजता येणार नाहीत.

पुस्तक कोणतं, हेही ठरवून बसा. सीईटी आणि बोर्डासाठी बालभारती, नीट आणि जेईईसाठी एनसीईआरटी. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर निरनिराळ्या क्लासच्या उत्तरसूची फिरू लागतात. घाईत बनवलेल्या त्या सूच्यांमध्ये एकमेकींत फरक असतो. त्या बघायच्याच असतील तर आपलं काम पुरं झाल्यावर बघा.

चुकीला नाव द्या

'सिली मिस्टेक' हा शब्द माझ्या वर्गात चालत नाही. त्या शब्दाखाली चार निरनिराळी दुखणी लपतात. धडाच आला नव्हता, हे एक. येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, हे दुसरं. रीत बरोबर पण आकडेमोड घसरली, तिसरं. वेळ संपला, चौथं. पहिल्यावर उपाय अभ्यास. दुसऱ्यावर उपाय प्रश्नातल्या 'नाही', 'चूक', 'सर्वांत कमी' अशा शब्दांवर थांबायची सवय. तिसऱ्यावर उपाय रोज पाच गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय, लॉग टेबलशिवाय, अंदाज बांधून. चौथ्यासाठी प्रश्न सोडवायचा क्रम बदलावा लागतो. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटं असतात, आणि फिजिक्समध्ये अडकून केमिस्ट्रीचे सोपे प्रश्न गमावणारी मुलं दरवर्षी दिसतात. माझं मत विचाराल तर केमिस्ट्री आधी उरका.

'ख' खूण केलेला प्रश्न चुकला असेल तर त्याला लाल चौकट करा. माहीत नसलेल्या गोष्टीपेक्षा खात्रीने चुकीची माहीत असलेली गोष्ट जास्त मार्क खाते, कारण तिच्याकडे आपण परत वळूनही बघत नाही.

मार्कांचा अंदाज

एक आकडा काढू नका, खालचा आणि वरचा असे दोन काढा. नीटच्या केमिस्ट्रीत ४५ प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकीला उणे १. समजा वहीत २४ 'ख', १० 'अ', ६ 'तु' आहेत आणि ५ सोडले. खालचा हिशेब असा: 'ख' मधले २ चुकले धरा, ८६ गुण. 'अ' मधले ४ बरोबर, १०. तुक्के सगळे चुकले, उणे ६. एकूण ९०. वरचा हिशेब: 'ख' सगळे बरोबर, ९६. 'अ' मधले ७ बरोबर, २५. तुक्क्यातले २ लागले, ४. एकूण १२५. घरी विचारलं तर "नव्वद ते सव्वाशे" असं सांगा. वडिलांना एकच आकडा सांगितला की तो संध्याकाळपर्यंत गावभर होतो आणि निकालाच्या दिवशी तुमच्या अंगावर येतो.

सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे तिथे वजाबाकी नाही आणि प्रश्न सोडायचंही कारण नाही. पण निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि शिफ्टप्रमाणे तुलना होते. अवघड शिफ्टमधले कमी मार्क सोप्या शिफ्टमधल्या जास्त मार्कांइतकेच ठरू शकतात. त्यामुळे दुसऱ्या शिफ्टच्या मैत्रिणीचे मार्क ऐकून रडायला बसू नका.

बोर्डाच्या पेपरचा हिशेब वेगळा. लेखी ७० गुणांचं: दहा गुणांचे पर्यायी प्रश्न, आठ गुणांचे एका वाक्याचे, मग दोन, तीन आणि चार गुणांचे. तिथे उत्तर चुकलं तरी सूत्र, आकडे घालणं, एकक अशा पायऱ्यांना गुण मिळतात. म्हणून बोर्डाचा पेपर जुळवताना प्रत्येक गणितात किती पायऱ्या कागदावर उतरल्या होत्या ते मोजा.

अधिकृत उत्तरसूची आणि हरकत

उत्तरसूची आली की लॉगिन करून आपली उत्तरं उतरवून घ्या आणि वहीशी ताडून बघा. सूचीतलं उत्तर चुकलंय असं वाटलं तर हरकत घेता येते, पण मुदत थोडी असते आणि प्रत्येक प्रश्नाला फी पडते. नीटला ती दोनशे रुपये असते आणि परत मिळत नाही. म्हणून गटातल्या सगळ्यांनी स्वतंत्रपणे सोडवून एकच उत्तर आलं आणि पुस्तकात पान सापडलं, तरच पैसे भरा. हरकतीत भावना नको. प्रश्नाचा आयडी, पुस्तकाचं पान, तीन ओळींत गणित, बस.

हरकतीने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना २०२४ च्या नीटची आठवण द्या. अणूबद्दलच्या दोन विधानांचा एक प्रश्न होता, फिजिक्सचा. जुन्या आणि नव्या एनसीईआरटीतल्या फरकामुळे एनटीएने, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, त्याची दोन उत्तरं ग्राह्य धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं, त्यांनी चौथा पर्याय एवढाच बरोबर ठरवला, आणि जुलैत निकाल नव्याने लावावा लागला. जुनं पुस्तक वापरणाऱ्यांनी यातून काय ते ओळखावं. थोरल्या बहिणीचं पुस्तक जपून वापरा, पण आवृत्ती बघून.

गप्प बसलेल्याकडे बघा

चौघांत एकजण असा असतो की ज्याचे एकामागून एक प्रश्न चुकत जातात आणि तो बोलायचा थांबतो. तिथे चर्चा थांबवा. त्याचं बरोबर आलेलं एखादं गणित त्यालाच समजावून सांगायला लावा, आणि त्या दिवसापुरतं तेवढ्यावर उठा. उरलेलं उद्या. त्याला घरापर्यंत सोडायला कोणीतरी जा.

आठ दिवसांनी

चुकलेले प्रश्न नव्या पानावर उतरवून घ्या, उत्तरं झाका आणि पुन्हा सोडवा. जे परत चुकतील ते तिसऱ्यांदा, आणखी आठ दिवसांनी. पुढे दुसरी परीक्षा असो वा नसो, हे करा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला हेच धडे पुन्हा भेटतात.

काम संपलं की वही मला द्या, असं मी पोरांना सांगतो. माझ्या कपाटात अशा अकरा वह्या आहेत. जूनमध्ये नवी बारावी आली की त्या मी टेबलावर मांडतो आणि पोरं आपल्या आधीच्यांच्या चुका वाचत बसतात. यंदा एक मुलगी अर्धा तास एकाच पानाशी थांबली होती. त्या पानावर एक ४० खोडलेला होता, शेजारी ३० लिहिलेला, आणि खाली लाल शाईत: 'नांगरणी नाही.' तिने मान वर केली आणि विचारलं, "सर, हे नांगरणीचं काय आहे?" मी खडू तिच्याच हातात दिला.